कंदील एक आणि कंदील दोन यांच्या कजियाची हकीकत

समस्त चष्मेवाले, बिनचष्म्याचे, आणि चष्मा डोक्यावर ठेवून तोच घरभर शोधणारे, यांसी विदित व्हावे की, इतिहास हा ज्याच्या त्याच्या नंबराप्रमाणे दिसतो. ज्यास जवळचे दिसत नाही तो दूरचे सांगतो, ज्यास दूरचे दिसत नाही तो जवळच्यांस दोष देतो, आणि ज्यास दोन्ही दिसत नाही तो बखर लिहितो. ऐसियास, चष्म्याच्या दुकानी थोरले दादासाहेब आणि धाकट्या चिमीबाईसाहेब या सख्ख्या भावंडांमध्ये 'कंदील' नामे व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागावरून व दुसऱ्या भागावरून जो कजिया जाहला, तो कैसा पेटला, कोण कोठे अडला, कोण मागे फिरला आणि तह कैसा ठरला, हे साद्यंत लिहावे ऐसी आज्ञा कोणीही केलेली नाही. तरी लिहितो.

प्रथम राज्याचा मजकूर. दुकान दोन खणी. पुढील खणात काचेची कपाटे, त्यांत फ्रेमा ओळीने उभ्या, जैसे पागेत घोडे. आणि कोपऱ्यात जाड पाठीचा जुना टीव्ही, जो चालतो आहे तोवर काढणे नाही ऐसा दादासाहेबांचा हुकूम असल्याने जाग्यावर कायम. मागील खणात तपासणीची खोली. ती लांबीस अपुरी, म्हणोन अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगून समोर आरसा लाविलेला, आणि गिऱ्हाईक आरशात पाहून पाठीमागची अक्षरे वाची. त्यापलीकडे पडदा, आणि पडद्याआड वहिनीसाहेबांचा कारखाना, जेथे त्या चाकावर काचा घासून फ्रेमेत बसवीत. काउंटरवर खासा आईसाहेब, चष्म्याची घरे आणि पुसायची फडकी या दोन खात्यांच्या मुखत्यार.

दादासाहेबांचा लौकिक ऐसा की, नंबर काढावा तर त्यांनीच. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवावी, मग पेटीतून एक काच घालावी, मग काढावी, मग दुसरी घालावी, आणि प्रत्येक वेळी पुसावे, "पहिला बरा, की दुसरा?" आणि गिऱ्हाईक उत्तर देईतो दम धरावा. गिऱ्हाईक कितीही घोळ घालो, दादासाहेबांची मर्जी ढळली ऐसे कोणी पाहिले नाही. घरच्या माणसांविषयी मात्र त्यांचा दम थोडका असे.

चिमीबाई याच दुकानी स्टुलावर चढून तक्ता पुसता पुसता लहानाच्या मोठ्या जाहल्या. त्यांनी डोळे तपासण्याची विद्या रीतसर कॉलेजातून संपादिली, आणि परत येताच दरबारी अर्ज केला की, नवे मशीन घ्यावे, ज्यात हनुवटी टेकून आत पाहता लांब रस्त्याच्या टोकी एक रंगीत फुगा दिसतो, आणि मशीन आपोआप नंबर छापोन देते. त्यावर दादासाहेबांचा जाब आला, "लोक इथे फुगे बघायला येत नाहीत." चिमीबाईंनी उलट जाब केला, "मग काही दिवसांनी लोकच येणार नाहीत." ऐसे शब्दास शब्द वाढत गेले, आणि मग चिमीबाई पांढरा कोट खुंटीस टांगून मॉलमधील मोठ्या, झगमगीत चष्म्याच्या दुकानी चाकरीस निघाल्या, आणि निघतेसमयी दादासाहेबांनी उंबरठ्यावर फर्मावले, "जातेस तर जा. पण पुढे गेलीस की पुढेच जायचं. परत फिरून दुकानाचं हसं करायचं नाही."

त्यास काही वर्षे लोटली. भावंडांचे येणे-जाणे होते, बोलणेही होते, परंतु चिमीबाई त्या दिवसापासून दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. मग मॉलमधील त्या दुकानाच्या धन्याने आपली शाखा उठविली, पाटी उतरली, आणि चिमीबाई बसल्या घरी. त्यांस आपल्या दुकानी परत यावयाचे होते. हे आईसाहेबांस ठाऊक, वहिनीसाहेबांस ठाऊक, आणि दादासाहेबांस तर सर्वांआधी ठाऊक. परंतु सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट तोंडाने बोलावी ऐसा प्रघात त्या घराण्यात नव्हता. चिमीबाई मागणार नाहीत आणि दादासाहेब बोलावणार नाहीत, ऐसे दोन्ही मोर्चे पक्के बांधले गेले.

ऐशा प्रसंगी एके दिवशी भरदुपारी, गिऱ्हाईक थंड असता, चिमीबाई एक रिकामी पिशवी घेऊन दुकानी दाखल जाहल्या.

"माझा गेम न्यायला आले," त्या म्हणाल्या. "माळ्यावर असेल."

आईसाहेबांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "एवढ्यासाठी आलीस?"

"हो."

"बरं. मग बस, चहा टाकते. गेम काही पळून जात नाही."

मग माळ्यावर शिडी लागली आणि खोके उतरले. त्यात खेळाचे यंत्र, दोन रिमोट आणि दोन कॅसेट निघाल्या, एकीवर 'कंदील' व दुसरीवर 'कंदील २' ऐसे चित्रासह छापिलेले. चिमीबाई दोन्ही पिशवीत घालू लागल्या, तो दादासाहेब काउंटरपलीकडून, नजर फ्रेमेवर ठेवोन, बोलते जाहले, "एक राहू दे इथे. दोन ने. ती खराबच आहे."

"खराब नाहीये."

"खराब आहे. तिसऱ्या स्टेजला दार उघडत नाही."

"दादा, खराब नाहीये ती."

येथे कजियास तोंड लागले. आता उभय पक्षांची कैफियत लिहितो, म्हणजे वाचणारास न्याय करणे सुलभ पडेल.

कंदील हा खेळ ऐसा की, एक ठेंगणा कंदीलवाला, अंगी निळा डगला, हाती पेटता कंदील, बेटाच्या टोकाशी विझलेले दीपगृह पेटवावयास निघतो. मार्गात खड्डे, मोडके पूल, आणि छाती काढून चालणारी बदके. बदकाच्या डोक्यावर उडी पडली तर बदक नाहीसे होते, आणि बदक बाजूने भिडले तर कंदीलवाला नाहीसा होतो. पहिल्या भागात त्याने उजवीकडेच चालावे ऐसा दंडक. डावीकडून पडद्याची कड त्याच्या पाठोपाठ सरकत येई आणि मागे पडलेला मुलूख गिळीत जाई. राहिलेली वस्तू राहिली, चुकलेली शिडी चुकली. आणि उडी घेतल्यावर हवेत वळता येत नसे. जेथे पडायचे तेथे पडायचे.

दादासाहेबांचा पक्ष ऐसा की, खेळ असावा तर हाच. दुसऱ्या भागात कंदीलवाल्यास हवेत वळता येते, पाण्यात पोहता येते, घरांत शिरता येते, ते ऐश्वर्य नव्हे, लाड होत. त्यांचे शब्द, "माणसाने आधी विचार करावा, मग उडी मारावी. हवेत गेल्यावर कसले विचार?" आणि पुढे, "सोयी वाढवल्या म्हणजे खेळ वाढत नाही. नुसती गर्दी होते."

चिमीबाईंचा पक्ष ऐसा की, पहिला भाग थोर खरा, त्यावाचून दुसरा जन्मास येता ना, परंतु त्यात बदके एकाच चालीची, टेकडी तीच, धूनही तीच. दुसऱ्यात पाऊस पडतो, पावसात कंदील विझतो, मग तो परत पेटवावा लागतो. बेडूक छत्री घेऊन उतरतात. आणि मुख्य म्हणजे दोघांस एकाच वेळी खेळता येते. "एकमध्ये मी काय करायचे? तू मरायची वाट बघायचे. आणि तू मरायचा नाहीस."

"मग त्यात माझी काय चूक?"

"चूक नाही. पण बघत बसणे हा गेम नसतो, दादा."

आईसाहेबांनी मध्यस्थी म्हणोन विचारले की, ते टुणटुण वाजायचे ते कोणते. उभयतांनी एकदम सांगितले की, पहिले. आईसाहेब म्हणाल्या, "मग दुसरंच बरं असेल." हे मत दादासाहेबांनी दप्तरी घेतले नाही.

मग पडद्याआडून वहिनीसाहेबांचे चाक थांबले. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी जो निवाडा दिला त्यात मुत्सद्देगिरी भरपूर होती. त्या म्हणाल्या, "रोज लोकांना काय विचारता? पहिला बरा की दुसरा. काच न घालताच उत्तर दिलेलं तुम्ही कुणाचं ऐकता का? लावा टीव्हीला. आधी एक, मग दोन. यांनी स्वतः सांगायचं. एकच बरा म्हणाले, तर चिमी पिशवी भरून जाईल आणि हा विषय संपला."

हा विषय म्हणजे कोणता, हे न सांगताच त्या पुन्हा पडद्याआड गेल्या. सर्वांस कळले. चिमीबाईंनी पिशवी खाली ठेविली. आणि दादासाहेब, ज्यांनी आजवर गिऱ्हाइकाचे न तपासलेले उत्तर मान्य केले नव्हते, त्यांस नाही म्हणता येईना.

यंत्र टीव्हीस जोडिले गेले. कॅसेटीत फुंकर मारावी हा जुना शिरस्ता दादासाहेबांनी जातीने पाळिला. मग कंदील एक सुरू जाहला, आणि त्यासमयी दादासाहेबांचा पराक्रम पाहण्याजोगा होता. बसणे ताठ, डोळे पडद्यावर, अंगठा तेवढा हलतो. खड्डा आला, उडी. बदक आले, उडी. पूल मोडला, त्याआधीच उडी. मागील मुलूख पडदा गिळीत येत असता त्यांनी एकदाही तिकडे पाहिले नाही. उपडा पूल, बुडते होडके, टेकडीवरची बदकांची पलटण, ऐसे एकेक ठाणे घेत घेत ते दीपगृहाशी दाखल जाहले, आणि दीपगृह पेटले, आणि टुणटुण टिपेस पोहोचले, आणि आईसाहेबांनी कानावर हात ठेविले.

इतक्यात एक बसचालक दुकानी आला. त्याच्या चष्म्याची एक काच फुटलेली, आणि नंबरही वाढला ऐसा त्याचा संशय. त्यास स्टूल देण्यात आले आणि येथे तपासणी चालू आहे, थोडे थांबावे, ऐसे सांगण्यात आले. हे खोटे नव्हते.

"कुठला गेम?" चालकाने आदराने विचारले.

"कंदील. आता दुसरा भाग लावतोय. बघा, तुम्हाला काय वाटतं," दादासाहेब म्हणाले.

"मला तसं आत्ता फार दिसत नाहीये."

ऐसा निःपक्षपाती साक्षीदार मिळणे दुर्मीळ, म्हणोन सर्वांस बरे वाटले.

मग कंदील दोन लागला. दादासाहेबांनी एक रिमोट घेतला आणि चिमीबाईंनी दुसरा, आणि दोन कंदीलवाले, एक निळा व एक हिरवा, शेजारी शेजारी उभे राहिले. दादासाहेबांनी हा भाग आजवर एकट्यानेच खेळिला होता, त्यामुळे त्यांस एक कायदा ठाऊक नव्हता, तो ऐसा की, दोघे असता दोघेही कडेशी आल्याखेरीज पडदा सरकत नाही. ते पुढे धावले आणि उजव्या कडेस आपटून उभे राहिले.

"हे काय?"

"मी येईपर्यंत थांबावं लागतं," चिमीबाई म्हणाल्या.

"ये मग लवकर."

"येतेय. बेडकाचं बघू दे."

पहिले ठाणे फत्ते जाहले, दुसरेही जाहले. पाऊस आला, निळा कंदील विझला, तो चिमीबाईंनी आपल्या कंदिलाने पेटवून दिला. मग तिसरे ठाणे, आणि त्याच्या मध्यभागी ते दार. लोखंडी, उंच, बिजागऱ्यांसह. दादासाहेबांनी दारास धडक दिली. दार ढिम्म. त्यांनी रिमोट मांडीवर ठेविला आणि हातांची घडी घातली.

"बघितलंस? मी म्हटलं होतं. स्पिरिटने पुसून झालं, रबराने घासून झालं, रिपेअरवाल्याकडे नेऊन झालं. कॅसेट खराब आहे."

येथे बखरकारास एक गुप्त मजकूर प्रकट करणे प्राप्त आहे. कॅसेट कधीही खराब नव्हती. दादासाहेब कॉलेजासाठी हॉस्टेलास रवाना जाहले आणि रिमोट प्रथमच एकट्या चिमीबाईंच्या हाती आला, तेव्हाच त्यांनी तिसरे ठाणे काबीज केले होते, आणि पुढची सर्व ठाणी घेऊन दीपगृहही पेटविले होते. हे त्यांनी कोणासही सांगितले नाही. दादास जे उघडले नाही ते उघडते, ऐसे त्या घरी म्हणण्याची रीत नव्हती. दादा म्हणाला खराब, तर खराब.

आता चिमीबाईंनी हिरवा कंदीलवाला डावीकडे वळविला आणि चालवीत पडद्याच्या डाव्या कडेशी नेला. कड सरकेना.

"दादा, मागे ये."

"मागे कशाला? मागचं झालंय सगळं."

"ये तर."

"अगं, मागे काही नसतं."

"एकमध्ये नसतं."

आणि मग जे घडले ते बाहेरून पाहता काहीच नव्हते. एका माणसाने एका बटणावर अंगठा ठेवावयाचा होता. परंतु तो अंगठा उठेना. त्यांनी सबंध आयुष्यात कंदीलवाल्यास डावीकडे चालविले नव्हते. निळा कंदीलवाला दाराशी उभा, हिरवा दुसऱ्या टोकाशी उभा, मध्ये एक बदक येरझारा घाली, आणि पडदा दोघांचीही वाट पाहात थांबलेला.

"अरे, ये म्हणतेय ती तर जा ना," आईसाहेब म्हणाल्या. "रस्ता काय झिजतोय?"

"आमच्या बसला रिव्हर्स असतो," चालकाने अदबीने सांगितले. "लाज वाटायचं काम नाही. फक्त आरशात बघावं लागतं."

दादासाहेबांनी त्याच्याकडे पाहिले. मग त्यांनी रिमोट उचलला, आणि निळा कंदीलवाला वळला, आणि आला. मध्ये बदक लागले, त्यावर उडी पडली. डावीकडे घेतलेली ती त्यांची पहिली उडी, अंदाज चुकला होता, परंतु हवेत वळता आले म्हणोन निभावले. मग पडदा मागे सरकू लागला. पार केलेले पूल परत आले, चुकलेली शिडी आली, ठाण्याचा आरंभ आला, आणि आरंभाच्याही मागे, जेथे काही नसते, तेथे एक झोपडी निघाली, आणि झोपडीच्या भिंतीस खिळा, आणि खिळ्यास चावी.

चावी निळ्याने घेतली. परतीचा रस्ता उभयतांनी कापिला. दार उघडले. आवाज साधा होता, परंतु पडद्याआड चाकाशी बसलेल्या वहिनीसाहेबांनी तो ऐकिला.

मग दादासाहेब हळू आवाजात म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे हे?"

"तू हॉस्टेलला गेलास तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. कॅसेट खराब आहे म्हणालास."

"मी रिपेअरवाल्याशी भांडलो होतो, चिमे."

"माहितीये. मी सोबत होते."

आणि मग वहिनीसाहेबांनी पडद्याआडून, ज्या आवाजात दादासाहेब स्वतः गिऱ्हाइकास विचारीत त्याच आवाजात विचारिले, "पहिला बरा, की दुसरा?"

वाचणारांनी येथे अपेक्षा केली असेल की, दादासाहेब गहिवरून दुसऱ्याचा जयघोष करतील. ते तसल्या घराण्यातले नव्हते. ते म्हणाले, "पहिला परत दाखव."

चिमीबाईंनी कॅसेट बदलली. दादासाहेब थोडे चालले, उडी मारली, डाव्या कडेवर एकवार अंगठा दाबून पाहिला. कड हलली नाही. "दुसरा," ते म्हणाले. चिमीबाईंनी बदलली. "परत पहिला." बदलली. ऐसे गिऱ्हाईक त्यांच्या वाट्यास अनेकदा आले होते, ज्यास एकही काच पटत नाही, आणि ते कधी चिडले नव्हते. आता ते स्वतः ते गिऱ्हाईक होते, आणि चिमीबाईही चिडल्या नाहीत. त्यांनी ही विद्या त्यांच्याकडूनच घेतली होती. पिशवी मात्र अजून पायाशी रिकामी पडलेली, आणि तिच्या बंदाशी त्यांचे पाऊल चाळा करीत होते.

शेवटी दादासाहेबांनी रिमोट खाली ठेविला आणि निकाल सांगितला.

"दोन्ही सारखेच."

बसचालकास हे उत्तर मिळमिळीत वाटले. परंतु दुकानातील कोणासही तैसे वाटले नाही, कारण त्या धंद्याचा कायदा ऐसा की, गिऱ्हाईक पहिला बरा किंवा दुसरा बरा म्हणते तोवर तपासणी चालूच राहते. ज्या क्षणी ते दोन्ही सारखे म्हणते, त्या क्षणी नंबर लागला, काच पक्की जाहली, आता ढवळाढवळ करू नये. वहिनीसाहेबांचे चाक थांबले. आईसाहेबांनी हातातले फडके खाली ठेविले. चिमीबाईंनी वाकून पिशवी उचलली आणि तिची घडी घालू लागल्या, आणि घडी काही नीट बसेना.

दादासाहेब उठले. त्यांनी चालकाकडे पाहिले, मग तपासणीच्या खोलीकडे पाहिले, आणि मग बहिणीकडे न पाहता फर्मान सोडिले, "यांचा नंबर बघ. उजवा आधी."

"मी?"

"मग काय मी? मला इथे ही वायर काढायचीय."

"पेटीवर बघू?"

"मशीन आहे का आपल्याकडे?" ते म्हणाले. मग वायर गुंडाळीत, थोड्या वेळाने, "आणायचं झालं तर ठेवायचं कुठे ते आधी बघ. खोली लहान आहे."

हा तह. याहून अधिक कलमे त्यात नाहीत. 'आपल्याकडे' हा शब्द मात्र सर्वांनी ऐकिला, आणि आईसाहेब पदर डोळ्यांस लावून म्हणाल्या की, तुमच्या त्या स्पिरिटचा वास फार येतो आज.

मग चिमीबाईंनी खुंटीवरचा पांढरा कोट झटकून अंगी चढविला, चालकास खोलीत बसविले, जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेविली, आणि एक काच घालून, मग काढून, मग दुसरी घालून विचारिले की, पहिला बरा की दुसरा. चालक म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? परत एकदा पहिला दाखवा." बाहेर दादासाहेब वायर गुंडाळावयाचे थांबले, ऐकत उभे राहिले, आणि आतून बहिणीचा आवाज आला, "दाखवते. घाई नाही."

येणेप्रमाणे ही मोहीम, भरदुपारी आरंभ होऊन चहा दुसऱ्यांदा होईतो, समाप्त जाहली. रणी बदके पडली, ती मोजिली नाहीत. कंदील दोनचे दीपगृह त्या दिवशी पेटले नाही, कारण गिऱ्हाईक आले. एक थोर की दोन थोर याचा निकाल कोणत्याही पक्षाच्या बाजूने लागला नाही, आणि उभय पक्ष आपला जय जाहला ऐसे मानून जेवले. आजपावेतो बखरकारांनी माघार लिहिली ती नेहमी पराभवाच्या सदरी लिहिली. येथे ती, दोघांचीही, विजयाच्या सदरी लिहिली असे. वाचणारांनी लेखनदोष समजून दुरुस्त करू नये.